तोजूची टॅक्सी गरम झाली की

तोजू मादागास्करच्या राजधानीत, अंतानानारिव्होच्या चढउतारांवर टॅक्सी चालवायचा. गाडी रामारुसुन मालकाची, तोजूच्या वयाहून जुनी. सगळ्या टॅक्सीवाल्यांसारखा तोही उतारावर इंजिन बंद करायचा. तेवढंच पेट्रोल वाचतं. पण हल्ली उतार संपला की गाडी सुरूच होईना. थंड असताना लगेच व्हायची. गरम झाली की कितीही किल्ली फिरवा, घरघरून गप्प. वर पेट्रोलचा वास. गिऱ्हाइकं नाक दाबून अर्ध्या वाटेत उतरायची.

वास तिचाच असेल म्हणून पायाशी ठेवलेली जादा पेट्रोलची बाटली त्याने काढून टाकली. प्लग बदलले, नळी बदलली. वास तसाच. मालकाने बजावलं होतं, "शनिवारपर्यंत बघतो. नाहीतर किल्ली परत दे." लालाओचे, त्याच्या बायकोचे, दिवस भरत आलेले आणि दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला. तोजूचं नाक तर पेट्रोलने केव्हाच मेलेलं; वास नक्की कुठून येतो ते त्याला कळेना.

शनिवारी सकाळी लालाओच बॉनेटशी येऊन उभी राहिली.

"तू कशाला आलीस? मळमळेल तुला."

"म्हणूनच आले. मला वास लगेच कळतो. इंजिन बंद कर." ती वाकली आणि तोंडावर शाल धरून मागे सरली. "चालू असताना एवढा नाही येत. बंद केल्यावर येतो. इथून."

बोट इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या कार्बोरेटरवर होतं. तोजूने झाकण काढलं. आत पेट्रोल काठोकाठ. त्यावर तरंगून जास्तीचं पेट्रोल थांबवणारा पोकळ पितळी फ्लोट बुडालेला. कानाशी हलवला तर आत पेट्रोल डुचमळलं. गरम पाण्यात धरला, बारीक बुडबुडे आले. भोक सापडलं. आतलं पेट्रोल पार काढून, सुकवून त्याने भोकावर कथलाचा डाग दिला.

गाडी तापवून पाहिली. लालाओने पुन्हा तोंडावर शाल धरली. तोच वास.

"संपलं," तो रस्त्यावरच बसला.

"डाग जाड झालाय का बघ. जड होऊन फ्लोट पुन्हा बुडत असेल."

पातळ होईपर्यंत तोजू डाग घासत राहिला. मग लालाओला शेजारी बसवून चढ चढून आला, इंजिन बंद करून उतार उतरला, तळाशी किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. लालाओलाही वास आला नाही.

तेवढ्यात मालक आला. इंजिन ऐकून खूश झाला. "छान केलंस. आता गिऱ्हाईक मिळेल. विकतोच हिला."

"मालक, निदान बाळंतपण होईपर्यंत..."

"किल्ली दे, तोजू."

त्याने दिली. तोजू आणि लालाओ घराकडच्या दगडी पायऱ्या चढू लागली. मध्येच लालाओ कठड्याला धरून थांबली.

"दुखतंय का?"

"अजून नाही," ती म्हणाली.