काट्यावरचा जुना कॉम्प्युटर

गोरखचं बेल्ह्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. घरी मेंढरं होती, पण लहानपणी त्याच्या अंथरुणाजवळचं कोकरू बिबट्यानं उचललं. तेव्हापासून तो उघड्यावर झोपला नाही. भिंती असलेलं काम त्यानं मुद्दाम धरलं.

गेल्या उन्हाळ्यात पिंपरी पेंढारला कांद्याच्या आडतीवर त्याला बोलावणं आलं. मालक बाळासाहेबांचा वजनकाटा आवाराच्या टोकाला, उसाला लागून. तिथल्या केबिनीतल्या जुनाट कॉम्प्युटरवरच काट्याचा आकडा यायचा. ते सॉफ्टवेअर नव्यावर चालत नव्हतं. म्हणून तो वायरीनं ऑफिसच्या नव्या कॉम्प्युटरला जोडायचा होता.

वायर टाकून झाली. ऑफिसमधला प्रिंटर जुन्यानं लगेच ओळखला, चाचणीची पानं निघू लागली. पण नव्याचं फोल्डर काही उघडेना. पासवर्ड घ्यायचा आणि नाकारायचा. गोरख केबिनीत बसून खटपट करत राहिला. मोबाइल ऑफिसात चार्जिंगला होता.

बाहेर उसाचं वाळलेलं पाचट वाजलं. त्यानं काचेतून पाहिलं. बिबट्या उसातून निघून सरळ केबिनीकडं आला आणि पायरीवरच्या सावलीत बसला. दाराची कडी तुटलेली. दार नुसतं लोटलेलं.

ओरडायची सोय नव्हती. आवाज पहिल्यांदा ऐकणारं जनावर दाराशीच होतं. त्यानं इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप केलं, 'बिबट्या दारात हाय. फॉरेस्टला फोन करा,' आणि प्रिंट दिली.

काचेतून दिसणाऱ्या ऑफिसात कुणी हललं नाही. पुन्हा दिली. मग त्याच्या ध्यानात आलं, ऑफिसातली प्राची सकाळपासून चाचणीची पानं न बघताच बाजूला ठेवत होती. आणि कागद संपला की तेच सांगायला ती इकडं चालत येणार. त्यानं पान भरेल एवढ्या मोठ्या अक्षरात एकच शब्द लिहिला: 'बिबट्या'. पाठवत राहिला.

पलीकडं ऑफिसचं दार उघडलं. प्राचीचा पाय बाहेर पडला, हातात कागद होता. तिनं तो वाचला. दार धाडकन बंद झालं.

थोड्या वेळानं एक ट्रॅक्टर हॉर्न वाजवत आला, मागून माणसांचा आरडाओरडा. बिबट्या उठला, दाराकडं क्षणभर बघत राहिला आणि उसात शिरला. फॉरेस्टची गाडी नंतर आली.

"भाऊ, मी तुमच्याकडंच निघाले व्हते," प्राची रडत म्हणाली. "कागद संपत आला म्हणून सांगाया."

गोरखनं आधी चार्जिंगचा मोबाइल काढून खिशात टाकला.

बाळासाहेबांनी कडी बसवली, तेव्हा तो पुन्हा आला. नव्या कॉम्प्युटरवर जुन्यासाठी वेगळं खातं केलं आणि फोल्डर उघडलं. सगळा वेळ ट्रॅक्टरवाला दारात उभा होता. तो तंबाखू मळायला जरा बाजूला झाला, की गोरख माऊस सोडून हाक मारायचा, "राव, हितंच थांबा. लांब जाऊ नका."