खंडेनवमीला घासलेलं घड्याळ

प्रमोदिनीमावशीला पोहता येत नव्हतं. समुद्र तिने आयुष्यात दोनदा पाहिला, तोही चपला हातात धरून. तरी दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, कपाटाच्या खालच्या खणात तिच्याकडे पाणबुड्यांची सात जुनी, भारी स्विस घड्याळं होती. लोकांच्या नाकाला मिरच्या का झोंबायच्या, ते मला आजही कळत नाही. तिने दागिने केले असते तर कुणी चकार शब्द काढला नसता.

ती मिनिस्ट्रीत टायपिस्ट. पहिलं घड्याळ तिने १९७९ साली पहाडगंजात, एका घड्याळ दुरुस्तीच्या दुकानात, स्वतःची पाटली मोडून घेतलं. काळी तबकडी, चमकणारे ठिपके वरणासारखे पिवळे पडलेले, आणि काचेभोवती मिनिटांचे आकडे असलेलं फिरणारं कडं. पाण्यात उतरताना पाणबुड्या ते कडं फिरवतो, म्हणजे खाली किती वेळ गेला ते कळतं. मावशी ते नळ आल्यावर फिरवायची. पाणी चाळीस मिनिटं. पस्तिसाव्या मिनिटाला तिची हाक जिन्यात घुमायची, "चलो, बादल्या भरून घ्या!"

"पोहता येत नाही आणि पाणबुड्याचं घड्याळ!" तिचे यजमान, सूर्यकांतकाका, हसायचे.

"तुम्हाला बॅट धरता येत नाही, तरी कॉमेंट्रीला कान लावून बसता ना?"

तिचा नियम एकच. घड्याळ घासायचं नाही. ओरखडे, डाग, सगळं जसंच्या तसं. जाणकार त्यालाच किंमत देतात, हे ती कुठूनकुठून वाचून शिकली होती. काकांना मात्र हे कधी पटलं नाही.

२००५ साली गुडगावच्या एका क्लबात जुन्या घड्याळांचं प्रदर्शन ठरलं. मावशीने फोटो पाठवला आणि पहाडगंजचं घड्याळ मांडायला क्लबवाल्यांनी होकार दिला. सव्वीस वर्षं वेडी ठरलेल्या बाईला पहिल्यांदाच कुणी मानाने बोलावत होतं. तिने निळी साडी आठवडाभर आधीच इस्त्री करून ठेवली.

प्रदर्शनाच्या पाच दिवस आधी खंडेनवमी आली. त्या घरात दरवर्षी विळी, कात्री, शिलाई मशीन, काकांचा स्क्रू ड्रायव्हर घासूनपुसून पूजेला मांडत. मावशी ऑफिसातून आली, तर पाटावर मधोमध ते घड्याळ, हळदकुंकू लावलेलं, लखलखीत. काकांनी ते पितळेच्या पॉलिशने तासभर घासलं होतं. ओरखडे गेले, कडांची धार गेली, आणि फिरत्या कड्यावरचे आकडे पार पुसले गेले. उरला फक्त शून्याच्या जागचा त्रिकोण.

"काय केलंत हे?" मावशी मटकन खालीच बसली.

"तुझी हत्यारं इतकी वर्षं पूजेत घेतली नाहीत मी," काका गोंधळून म्हणाले. "यंदा म्हटलं, घ्यावीत. मग कळकट कसं मांडायचं?"

मला काकांचा संताप आला होता. मावशी खूप रडली. पण घड्याळावरचं कुंकू तिने पुसलं नाही.

रविवारी मी तिच्याबरोबर क्लबात गेले. टेबलामागच्या गृहस्थांनी भिंग लावलं आणि घड्याळ परत सरकवलं.

"मॅडम, इसको तो किसीने घिस डाला. अब ये ओरिजिनल नहीं रही. नहीं लगा सकते."

"किसीने नहीं, मेरे पति ने. पूजा के लिए."

दोघं-तिघं हसले. मावशीचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता ही उठणार. ती उठली नाही.

"किसी अनजान आदमी की खरोंच ओरिजिनल," ती म्हणाली, "और मेरे घर का हाथ लगा तो खराबी? बिल्कुल नहीं."

"रूल है, मॅडम."

"तो रूल टेबल पे रखिए."

तिने घड्याळ मनगटावर बांधलं आणि दारापाशी खुर्ची ओढून दुपारभर बसली. येणाऱ्या प्रत्येकाला हात पुढे करून दाखवत होती, आकडे कुठे होते आणि ते कुणी, का घासले.

घरी आलो तेव्हा नळ आलाच होता. मावशीने कडं फिरवून त्रिकोण काट्यासमोर आणला. काका ओशाळून दारात उभे होते.

"त्यावर आकडेच नाहीत गं," ते हळूच म्हणाले.

"मला पाठ आहेत. बादली घ्या."