आक्का आणि बिनदातांची चावी

आक्कांना ‘बिघडलं’ हा शब्द खपत नसे. मिक्सर असो, मोबाइल असो की विहिरीवरची मोटर, काहीही बंद पडलं की त्या पदर खोचून त्याच्यापुढे बसायच्या आणि विचारायच्या, “रुसलंय का दमलंय?” अंगात जीव असून काम करत नाही ते रुसलेलं, आणि जीवच कमी पडला ते दमलेलं. माझ्या या थोरल्या आत्या बेंबळीला दिलेल्या. शाळा लवकर सुटली, चौकशी मात्र सुटली नाही. डॉक्टर तपासायला आले तरी आधी त्यांची नळी स्वतःच्या कानाला लावून बघणार, मग हात पुढे करणार.

मी नवी गाडी घेतली त्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी धाराशिवहून त्यांच्याकडे गेले. गाडीपेक्षा आक्कांना चावीचंच नवल. “हिला दातच न्हायत. मग गाडी काय बघून उघडती?” मी सांगितलं, ही नुसती जवळ असली की दाराला हात लावताच कुलूप निघतं, आणि आत बटण दाबलं की गाडी सुरू. एवढ्यावर समाधान होईल तर त्या आक्का कसल्या! चावी घेऊन त्या गोठ्यामागे जाऊन उभ्या राहिल्या आणि मला दार ओढायला लावलं; लांबून ते उघडलं नाही. मग ती स्टीलच्या डब्यात घालून वर झाकण दाबलं. डबा गाडीला टेकवला तरी दार उघडेना. “डब्यातनं हिचं बोलणं ऐकू जात न्हाय,” असा निकाल त्यांनी दिला. दुपारचा चहा राहिला तो राहिलाच.

संध्याकाळी खंडेनवमीची पूजा. विळे, खुरपी, पाना-पक्कड, कात्री अशी घरातली हत्यारं पाटावर मांडलेली. त्यांच्या मधोमध आक्कांनी माझी चावी ठेवली. हळदी-कुंकवापर्यंत ठीक होतं, पण त्यांनी ती ताम्हनात घेतली आणि मी “आक्का, नको!” म्हणेपर्यंत पळीभर पाणी घातलंसुद्धा. “अगं, देवापुढं आलेलं हत्यार कोरडं ठिवायचं व्हय?” मी चावी पदराने पुसली आणि विषय सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी आम्हाला जळकोटला जायचं होतं. तिथे धाकटी आत्या असायची, आक्कांची पाठची बहीण. तिला आता उठवत-बसवत नव्हतं, म्हणून मुलगा तिला कायमची पुण्याला नेणार होता. त्याच दुपारी ते दोघं निघणार होते. आक्कांना तिला डोळे भरून बघायचं होतं. पुण्याला जाणं त्यांच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं, आणि हे दोघींनाही ठाऊक होतं.

सकाळी दाराला हात लावला तर गाडी ढिम्म. चावीचं बटण दाबलं, दिवा लागेना. दुसरी चावी धाराशिवच्या कपाटात. शोरूममध्ये दसऱ्याची गर्दी, फोन नुसताच वाजत राहिला. मला रडू यायला लागलं. आक्का नवी साडी नेसून ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी हात पुढे केला. “आण इकडं. म्याच भिजवली न्हवं?”

चावी उलटीपालटी करताना त्यांच्या नखाला कडेचा एक खटका लागला. तो दाबून ओढलं तर आतून चपटी, खरीखुरी चावी बाहेर आली. आक्कांचा चेहरा असा फुलला की क्षणभर जळकोटही विसरल्या. “बघ, पोटात दात लपवल्यात!”

दाराच्या मुठीपाशी झाकणाखाली भोक सापडलं. दार उघडलं आणि गाडीने अशी बोंब ठोकली की अख्खी गल्ली गोळा झाली. “चोरी न्हाय, चोरी न्हाय,” आक्का सगळ्यांना हात हलवून सांगत होत्या. मी बटण दाबलं. समोर अक्षरं आली, चावी सापडत नाही. “माझ्या हातातच आहे की!” मी ओरडले.

“ती दमलीय गं,” आक्का त्या गोंगाटातही शांतपणे म्हणाल्या. “लांबनं बोलायची ताकद न्हाय तिच्यात. अगदी जवळ धर.” मी चावी बटणालाच टेकवली आणि दाबलं. बोंब थांबली, गाडी सुरू झाली.

जळकोटला पोचलो तेव्हा धाकटी आत्या मुलाच्या गाडीत बसलेली होती. आक्का तिच्याशेजारी बसल्या आणि तिचा हात हातात घेऊन चावीची सगळी कथा सांगू लागल्या. धाकटी हसत होती. हसता हसता तिने डोळे पुसले. मुलगा बाहेर उभा राहून घड्याळ बघत होता. शेवटी आक्काच उतरल्या.

परतताना त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. रस्त्यात नवा टोलनाका लागला, पवनचक्क्या लागल्या. मी मुद्दाम म्हणाले, “आक्का, ती पाती एवढ्या हळू फिरून वीज कशी करत असतील?” त्या नुसत्या “हं” म्हणाल्या. घर आलं तेव्हा दाराला धरून उतरता उतरता म्हणाल्या, “लई म्हातारी झाली गं माझी छोटी.”

संक्रांतीच्या आधीच आक्का गेल्या. धाकटी आत्या पुण्याहून अधूनमधून फोन करते. आधी विचारते, “गाडी बरी हाय का?” मी म्हणते, बरी आहे. मग ती विचारते, “आन तू? दमली न्हायस न्हवं?”