साडू उठले तर पास

नियमानुसार घाबरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि तो नेमका माझा साडू निघाला. तुम्हीआम्ही घाबरतो ते कसेही, वेडेवाकडे. कोणी किंचाळतं, कोणी देवाचं नाव घेतं, मी स्वतः बायकोच्या मागे जाऊन उभा राहतो. आमचे साडू घाबरले की आधी खुर्चीतून उठतात, मग गॅसचा सिलिंडर बंद करतात, मग गच्चीवर बांधलेल्या नारिंगी कापडी नळीकडे बघून वारा कुठून येतोय ते ठरवतात आणि घरातल्या यच्चयावत माणसांना वाऱ्याला आडवं बाहेर काढून अंगणातल्या फणसाखाली ओळीत उभं करून मोजतात. हे सगळं दीड मिनिटात. एकतीस वर्षं त्यांनी खाडीच्या वरच्या अंगाला असलेल्या एका रसायनांच्या कारखान्यात कंट्रोल रूममध्ये काढली. समोर काटे आणि दिवे, भिंतीपलीकडे पंपांची घरघर. काट्यांवर त्यांचा विश्वास बेताचा, कानांवर पूर्ण. घरघरीचा सूर जरा बदलला की हे उठलेच. निवृत्त झाल्यावर त्यांनी रेवदंड्याला घर बांधलं, पण ते उठणं काही कारखान्यात ठेवून आले नाहीत.

नागावला एका हळदीत बेंजोवाल्यांचा जनरेटर मध्येच गेला. पोरं नाचता नाचता थांबली, कोणी शिट्टी मारली, बाकीच्यांनी तेवढ्यात भाताची दुसरी वाढ घेतली. साडूंनी मात्र चाळीस पाहुणे हातातल्या ताटांसकट शेजारच्या वाडीत नेऊन उभे केले. त्यांत हळदीने माखलेला नवरदेवही होता, आणि त्याला मोजताना ते दोनदा चुकले कारण तो ओळखू येत नव्हता. मी चिडून विचारलं, की अहो, आवाज बंदच तर झाला होता, घाबरायचं काय त्यात? तर म्हणाले, "मास्तर, आवाज वाढला तर कोणीपण सावध होतो. थांबला तर कोण होणार? त्याचाच तर पगार देत होते मला."

दुसरी खोड म्हणजे खरं बोलणं. काट्यावर एकशे बेचाळीस असेल तर वहीत एकशे बेचाळीसच लिहायचं, एकशे चाळीस नाही, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलेलं की आमच्या हिने आमटी कशी झाली म्हणून विचारलं तर "मीठ कमी" म्हणतात आणि तिने आशेने पुन्हा विचारलं तर "अजून कमीच" म्हणतात. पालीच्या शाळेतून मी निवृत्त झालो त्या दिवशी सभागृहातून बाहेर पडताना मला म्हणाले, "भाषण अकरा मिनिटांचं झालं. सातव्या मिनिटाला संपलं होतं." महिनाभर मी त्यांच्याशी धड बोललो नव्हतो.

त्यांची एकुलती एक लेक केतकी पुण्यात व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीत संगीत करते. गेमचं संगीत म्हणजे टुंईटुंई, अशी माझी समजूत होती. तिने न वैतागता समजावलं की सिनेमातलं संगीत आपल्या वाटेने जातं, गेममधलं खेळणाऱ्यासाठी थांबतं. तुम्ही उभे राहिलात तर ते तुमच्याभोवती घोटाळतं, चुकीच्या दाराकडे वळलात तर खालून एक सूर हळूच वर येतो आणि पडद्यावर काहीही नसताना तुमचा अंगठा बटणावर घट्ट बसतो. मला हे अर्धंमुर्धं कळलं. साडूंना लगेच कळलं. "म्हणजे आमच्या पंपांसारखं," ते म्हणाले, आणि बापलेकीचं जमलं ते तिथून.

एकदा ती माजघरात गेम लावून बसली होती आणि हे स्वयंपाकघरात चहा करत होते. पडदा त्यांना दिसत नव्हता. संगीताने रंग बदलला मात्र, यांनी उकळता चहा तसाच टाकून सिलिंडर बंद केला. तेव्हापासून केतकी नवीन काही केलं की रेवदंड्याला यायची, बापाच्या हातात खेळायचं यंत्र द्यायची आणि गप्प बसायची. खेळायचे ते दिव्यच. बाकी जग गेममध्ये पळतं, हे कधी पळायचे नाहीत, कारण प्लांटमध्ये पळायची मनाई. प्रत्येक दार उघडून आधी बाहेर पडायची वाट बघून ठेवायचे. राक्षस आला तर त्याला वाट द्यायचे. पण योग्य जागी संगीत बदललं आणि साडू खुर्चीतून उठले, तर तो तुकडा पास. नाही उठले तर केतकी मुकाट्याने पुण्याला जाऊन नवा करायची. लेकीचं मन राखायला खोटं उठावं, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात मात्र पोरीच्या गळ्याशी आलं. गेम मोठा होता. मोडीत निघालेल्या एका मालवाहू बोटीवर एक बाई आपल्या भावाला शोधत फिरते. बोटीवर आणखी काहीतरी आहे, पण ते शेवटपर्यंत दिसत नाही. म्हणजे भीती सगळी संगीताने घालायची. तिने दोनदा केलं आणि दोन्ही वेळा नव्या साहेबांनी परत पाठवलं. ढोल फार आहेत, पण ताण येत नाही, असं त्यांचं म्हणणं. सोमवारी तिसरं आणि शेवटचं. तेही नाही जमलं तर काम दुसऱ्याकडे आणि तिची नोकरीही जाणार, हे त्यांनी साफ सांगितलं होतं. आम्ही योगायोगाने रेवदंड्यालाच होतो. रविवारी जेवणं उरकल्यावर केतकीने दोन्ही बाजूंना स्पीकर ठेवले, खिडक्या लावून घेतल्या आणि म्हणाली, "बाबा उठले नाहीत तर मी हे पाठवणार नाही. दुसरं करायला आता वेळ नाही." तिचे डोळे झोप न झालेले होते. साडू म्हणाले, "बस. बघू."

खेळ सुरू झाला. बोटीवर लाटा आपटत होत्या, पत्रा कुरकुरत होता आणि सगळ्याखाली एक मंद घरघर होती. साडू आपल्या चालीने जिने उतरत होते. मेहुणी वाल सोलत बसली होती, आमची ही तिला मदत करत होती. चौथ्या-पाचव्या मिनिटाला तळघराचं दार दिसलं, आणि एक बारीक, लांब सूर कुठूनसा आत आला. केतकीने तो पितळी वाटीच्या काठावर व्हायोलिनचा गज ओढून काढला होता, हे नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की माझ्या मानेवरचे केस उभे राहिले आणि दोन्ही पाय जमिनीवरून आपोआप वर आले. हिने माझं मनगट धरलं, इतकं घट्ट तिने लग्नातही धरलं नव्हतं. मेहुणीचा हात वालावर तसाच थांबला.

साडू बसलेलेच. "काय न्हाय," ते म्हणाले, "सगळं ठीक चाललंय."

बाई दाराशी गेली. सूर वाढला. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की अहो, उठा. केतकी पडद्याकडे बघतच नव्हती, ती बापाकडे बघत होती, आणि तिचा चेहरा बघवत नव्हता. साडूंनी कपाळाला आठी घातली. मान वळवून त्यांनी मेहुणीचा थांबलेला हात बघितला, माझं मनगट बघितलं, अधांतरी धरलेले माझे पाय बघितले आणि शेवटी लेकीकडे बघितलं. मग यंत्र बाजूला ठेवून ते उठून उभे राहिले.

"सगळे बाहेर," ते म्हणाले.

सिलिंडर बंद झाला, वारा बघून झाला, फणसाखाली आमची मोजदाद झाली. केतकीने तिथेच आईला मिठी मारली. इतकं हलकं वाटलं मला की मी उगाचच टाळ्या वाजवल्या. साडूंनी मला कोपराला धरून विहिरीपाशी नेलं.

"मास्तर, काय वाजलं?"

"काय वाजलं म्हणजे?"

"तुम्ही पाय वर घेतलेत. काय वाजलं ते सांगा."

मी तोंडाने तो सूर काढून दाखवायचा प्रयत्न केला. ते माझ्या ओठांकडे बघत राहिले आणि त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मग म्हणाले की वर्ष झालं, कुकरची शिट्टीपण ऐकू येत नाही, वाफ बघून मोजतो. बारीक आवाज सगळे गेले, जाड तेवढे राहिले. "पोरीला बोलू नका. एकतीस वर्षांत एक रीडिंग खोटं दिलं न्हाय. आज दिलं." एवढं बोलून ते विहिरीत वाकून पाणी किती आहे ते बघायला लागले, आणि मला या माणसाची फार माया वाटली.

संध्याकाळी केतकीला एस्टीवर सोडायला मी गेलो. पिशवी मांडीवर घेऊन ती म्हणाली, "काका, तुम्ही पाय वर घेतलेत तेव्हाच मला कळलं की हे जमलंय. बाबा त्यानंतर बावीस सेकंदांनी उठले. मी मोजलं. बाबा उशिरा उठत नाहीत."

मी म्हटलं, "वय झालं. गुडघे."

"गुडघे नाहीत," ती म्हणाली, आणि गाडी लागेपर्यंत आम्ही दोघंही समोरच्या भिंतीवरची जाहिरात वाचत बसलो.

सोमवारी तिने पाठवलं आणि बुधवारी पास झालं. साहेबांनी म्हणे मध्येच कानावरचे हेडफोन काढून ठेवले. नोकरी राहिली. गेम बाजारात आला तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. केतकी तो घेऊन घरी आली आणि आम्हालाही पालीहून बोलावून घेतलं. पुन्हा तीच खुर्ची, तेच जिने, तीच न पळणारी बाई. तळघराचं दार आलं, वाटीचा सूर सुरू झाला, माझे पाय हलायच्या आधीच साडू अर्धे उठले होते. मी कान देऊन ऐकलं. त्या बारीक सुराच्या खाली, अगदी खोल, आता आणखी एक आवाज होता, वरच्या मजल्यावर कोणी जड पावलांनी चालावं तसा.

साडू पुन्हा खुर्चीत टेकले. लेकीकडे न बघता ते म्हणाले, "ही खालची धपधप त्या दिवशी न्हवती."

"होती बाबा," केतकी म्हणाली. "पहिल्यापासून होती."

मेहुणीने माझ्याकडे बघितलं, मी पंख्याकडे. आमटीतल्या मिठावरून बायकामाणसांना न सोडणारा हा माणूस आता काय बोलतो, याचीच मला धास्ती. साडूंनी यंत्र पुन्हा हातात घेतलं, अंगठा बटणावर ठेवला, आणि कितीतरी वेळ ती बाई दाराशी तशीच उभी राहिली.

"असेल," ते म्हणाले. "मलाच ऐकू आली नसेल."