आणखी एकदा वाजव

पुण्याहून मेलबर्नला शिकायला आलो, सिटिझन झालो आणि इथल्या आर्मीत भरती झालो. मेलबर्नच्या ट्रुगानिना उपनगरातले मराठी मित्र अजून विचारतात, "आयटी सोडून हे कशाला?"

शेवटचं पोस्टिंग मेलबर्नपासून लांब, एका ट्रेनिंग कॅम्पवर होतं. साडेपाचला पीटी, सातला ब्रेकफास्ट, मग फायरिंग रेंज. तिथे सगळे मला सॅम म्हणत. माझा सेक्शन कमांडर होता कॉर्पोरल ग्लेन हार्डी. दोन डिप्लॉयमेंट करून धडधाकट परतलेला.

सुट्टीच्या शनिवारी ग्लेन सशांच्या शिकारीला जायचा. इथे ससा म्हणजे शेताची कीड. शेतकरी स्वतःहून बोलावतात. बिअरच्या कॅनचा पत्रा कापून त्याने शीळ केली होती. दातांत धरून श्वास आत ओढला की ती जखमी सशासारखी केकाटायची. बिळातले ससे बाहेर येऊन कान टवकारायचे.

त्या शनिवारी आम्ही दोघेच होतो. ग्लेन उंच गवतात, मी दीडशे मीटरवर, उतारावर. चार वाजून चाळीस मिनिटांनी वॉकीटॉकीवर त्याचा आवाज आला.

"सॅम, मला दोन मिळाले. बास. पॅक अप."

मला एकही मिळाला नव्हता.

"आणखी एकदा वाजव. ओव्हर."

"ओके, मेट. लास्ट वन."

शीळ वाजली. मग एक गोळी. माझी नव्हे, त्याचीही नव्हे.

"सीझ फायर! सीझ फायर!" ओरडत मी धावलो. गोळी ग्लेनच्या छातीत उजवीकडे लागली होती. मी जखम दोन्ही हातांनी दाबून धरली.

"कोणी मारली?" ग्लेनने विचारलं.

"माहीत नाही. बोलू नकोस."

तो पुन्हा बोलला नाही. हेलिकॉप्टर पावणेसहाला आलं. तोवर सगळं संपलं होतं.

कुंपणापलीकडे दोघे कोल्ह्यांवर टपून बसले होते. जखमी सशाच्या आवाजावर कोल्हा येतो. त्यांना शीळ म्हणजे ससाच वाटला, गवत हललं, त्यांनी कोल्हा समजून गोळी झाडली. शेतमालकाने परवानगी आम्हालाही दिली होती आणि त्यांनाही, एकमेकांबद्दल सांगायचं मात्र राहिलं होतं. "मला वाटलं, तुम्ही लंचपर्यंत निघून जाल," तो म्हणाला.

चौकशीत मला अंतर विचारलं, वेळ विचारली, वारा विचारला. ग्लेन तिथे का थांबला होता, हे कोणीच विचारलं नाही. ते विचारलं त्याच्या आईने, फ्युनरलनंतर.

"पॅक अप करायला तो नेहमी पहिला असायचा. मग थांबला का?"

"मी थांबवलं," मी म्हणालो.

"खरं बोललास, बरं केलंस," ती म्हणाली. त्यानंतर तिने माझा फोन कधी उचलला नाही. तिचं बरोबर आहे.

ग्लेन ड्यूटीवर नव्हता, म्हणून कॅम्पमधल्या स्मारकावर त्याचं नाव नाही. दरवर्षी सैनिकांच्या स्मरणदिनाला मी तिथे जातो. नावं वाचून होतात, सगळे स्तब्ध उभे राहतात. तेव्हा मी मोठ्याने म्हणतो, "कॉर्पोरल ग्लेन हार्डी. वय एकतीस." लोक वळून बघतात.

बघू देत.