उलट्या हाताचे रेणू

मानपाड्याच्या आमच्या छोट्या पेप्टाइड कंपनीतले जुने लोक कुणाच्या लग्नात भेटलो, की पंगत उठते, आम्ही उठत नाही. एकाने किस्सा काढला की दुसरा म्हणतो, "अरे, हे काहीच नाही!" नव्वदच्या आसपासचे दिवस. बाळंतपणात लागणाऱ्या एका इंजेक्शनचं औषध आम्ही बनवायचो.

*

अमिनो आम्लं मण्यांसारखी एकामागून एक जोडायची, की पेप्टाइड, म्हणजे आमचं औषध, तयार. अट एकच, प्रत्येक मणी डाव्या हाताचा हवा. जोडताना उष्णता जरा वाढली की एखादा आरशातल्या प्रतिबिंबासारखा उलटून उजव्या हाताचा होतो. वजन तेच, अणू तेच, औषध मात्र बिघडलं!

हेच एकदा आमचे लॅबप्रमुख गोखले सर ऑपरेटर हिराजीला समजावत होते. हिराजी खाडीकाठच्या कोळीवाड्यातला. सरांनी डावा हातमोजा त्याला उजव्या हातात घालायला लावला.

"सर, हात तं घुसला, पन आंगठ्याचं काय करू?"

"शरीरही हेच विचारतं रे!" सर खूश.

*

हे उलटे रेणू तपासणीच्या मशीनच्या आलेखात मुख्य शिखराला चिकटून खांद्यासारखे दिसायचे. ही तपासणी करायची रोज ठाण्याहून कामाला येणारी आमची फिलोमिना. एकदा मालक म्हणाले, "एवढासा तर खांदा, जाऊ दे की!"

फिलोमिनाने शांतपणे चष्मा काढला. "साहेब, सूनबाईंना सातवा महिना ना? मग हाच लॉट त्यांच्यासाठी बाजूला ठेवते."

'रिजेक्ट'चं लेबल मालकांनी स्वतःच्या हाताने चिकटवलं!

*

एक बॅच माझ्यामुळेही गेली. मला ठाकुर्लीला मुलगी बघायला जायचं होतं. मिश्रण तापू नये म्हणून थेंबाथेंबाने घालायची अल्कली मी घाईत एकदम ओतली आणि पळालो. दुसऱ्या दिवशी आलेखात खांदा कसला, दुसरं शिखरच! मी मान खाली घालून कबूल केलं.

"मुलगी पसंत पडली का?" सरांनी विचारलं.

"हो सर."

"मग लग्नाला बोलव. आहेर आम्ही आधीच दिलाय!"

*

ऐन जोडणीच्या दिवशी मिश्रण थंड ठेवणारा चिलर बंद पडला. तापमान शून्याखाली हवं, आणि मिस्त्री म्हणे उद्या येणार! हिराजी निघून गेला, तो तासाभराने टेम्पो घेऊनच आला. आत मासळीचा बर्फ आणि मिठाची गोणी.

"मीठ मारा, सर. बगा कसा थंड होतंय!"

थर्मामीटर उणे दहावर. चार तास आम्ही आळीपाळीने बर्फ ढवळला. आलेख निघाला, खांद्याचा मागमूस नाही! तेवढ्यात सरकारी इन्स्पेक्टर आले, नाक मुरडून म्हणाले, "कुठल्या सॉल्व्हंटचा वास हो हा?"

सर म्हणाले, "बोंबील."

*

पण सगळ्यात भारी किस्सा आमचा माल घेऊ पाहणाऱ्या परदेशी कंपनीचा. आमचं सॅम्पल त्यांनी नापास केलं. 'आमच्या स्टँडर्डशी जुळत नाही.' वर्षभराची मेहनत! मालक म्हणाले, आता हा माल बंद करू.

फिलोमिनाने तुलनेसाठी त्यांनी पाठवलेला शुद्ध नमुना, म्हणजे ते स्टँडर्डच, मशीनवर चढवलं. पाच वेळा. मग मशीनमधली रेणू वेगळे करणारी नळी, म्हणजे कॉलम, नवा लावून सहाव्यांदा. तिने सहा कागद सरांच्या टेबलावर पसरले. खांदा त्यांच्याच स्टँडर्डमध्ये होता!

सरांनी सहाही फॅक्स केले, सोबत एक ओळसुद्धा लिहिली नाही. दहा दिवस काही नाही. अकराव्या दिवशी फॅक्स मशीन खडखडलं. सरांनी कागद वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला, आणि फिलोमिनाच्या हातात दिला. "तू वाच. मोठ्याने."

"कृपया तुमच्या मालाचे दोन ग्रॅम पाठवावेत. यापुढे आम्ही तेच स्टँडर्ड म्हणून वापरू."