डाळिंबाच्या सालीचं सिमेंट

पदव्युत्तर शिक्षणाच्या शेवटच्या वर्षी मी सिमेंट मळत होते. कासारवाडीच्या घरी आई म्हणायची, पोरगी दातांची डॉक्टर व्हायला गेली आणि गवंडी झाली. किडका दात कोरून त्यात जे पांढरं सिमेंट भरतात, त्यात डाळिंबाच्या सालीचा अर्क घातला तर जंतू मरतील का आणि सिमेंट तितकंच मजबूत राहील का, एवढाच माझ्या प्रबंधाचा प्रश्न होता.

जंतूंचं उत्तर लवकर मिळालं. काचेच्या बशीत अर्काच्या टिकलीभोवती ते वाढलेच नाहीत. पण अर्कामुळे सिमेंट उशिरा घट्ट व्हायचं, रंग चहासारखा यायचा आणि मळताना बुडबुडे राहायचे. दाढेखाली ते टिकेल का, हे दाबून फोडल्याशिवाय कळणार नव्हतं. तसं मशीन भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये होतं.

मशीन चालवणारे काका भोसरी गावातलेच. सिमेंटचे तुकडे पाडायचा साचा त्यांनीच लेथवर करून दिला होता, तोही हौसेनं. वीस तुकडे साधे आणि वीस अर्काचे, पाण्याच्या दोन डब्यांत घालून मी त्यांच्याकडे पोचवले. तिसऱ्या दिवशी त्यांनी दोन्हींची सरासरी फोनवर पाठवली. ताकद जवळजवळ सारखी! माझा जीव भांड्यात पडला. प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांनी पाठ थोपटली. प्रबंध जमा करायला आठ दिवस होते. 'हे सिमेंट दाढांत भरण्यास योग्य आहे' हे वाक्य मी त्याच दिवशी टाइप केलं.

सही केलेला रिपोर्ट आणायला वर्कशॉपमध्ये गेले, तर टेबलावर लाल ट्रे होता. त्यात माझे चहाच्या रंगाचे नऊ तुकडे अख्खे पडले होते.

"काका, हे फोडले नाहीत?"

"ते रिजेक्शन हाय, ताई. कुणात बुडबुडा, कुणाची कड गेलेली. खराब पीस मशीनवर कसा चढवू? आमच्याकडं असला माल पुढं जातच न्हाई."

भोसरीत कुठल्याही कारखान्यात हेच करतात. आलेला माल आधी प्रकाशात धरून बघायचा, व्हर्नियर लावून माप घ्यायचं आणि खोट दिसली की लाल ट्रे. एरवी या शिस्तीचं मी कौतुकच केलं असतं. त्या दिवशी माझ्या तोंडचं पाणी पळालं. साध्या वीस तुकड्यांत एकही बाद नव्हता. म्हणजे बुडबुडे ही त्या अर्काचीच खोड होती, आणि दाताच्या खड्ड्यात बुडबुडा राहिला तर तो वेचून काढायला तिथे कुणी बसलेलं नसतं.

ट्रेमधले तुकडे आता फोडून उपयोग नव्हता. वाळलं की या सिमेंटला चिरा जातात. सर म्हणाले, "रिपोर्टवर सही आहे, लावून टाक." मोह झाला, खोटं कशाला सांगू? एक रात्र मी तो रिपोर्ट प्रबंधात लावूनही ठेवला होता. सकाळी मुदतवाढीचा अर्ज दिला आणि पुन्हा वीस तुकडे मळले.

या वेळी मी मशीनशेजारी उभी राहिले. बुडबुड्यांचे तुकडे चढवताना काकांचं तोंड कडू झालं होतं. ते तुकडे खडूसारखे मोडले. सरासरी इतकी खाली आली की टाइप केलेलं वाक्य खोडावं लागलं.

"मग हे दातात भरायचं न्हाई ना?" काकांनी विचारलं.

"नाही."

"बरं झालं मग," असं म्हणत त्यांनी मशीन पुसायला घेतलं.

त्यांच्यावर रागवायला मला काही जागाच नव्हती. त्यांनी निदान प्रत्येक तुकडा हातात घेऊन बघितला होता. मी मात्र सरासरी बघून घरी पेढे नेले होते, आणि वीसपैकी किती फोडले, हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.